नोकरी सुटते, आजार सुटत नाही

कारखान्याच्या सूचनाफलकावर स्वेच्छानिवृत्तीची योजना लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रक्कम किती? सेवेच्या प्रत्येक वर्षामागे किती दिवसांचा पगार मिळणार, ग्रॅच्युइटी किती, भविष्यनिर्वाह निधीत किती साठले आहे, शिल्लक रजेचे काय होणार, याचा हिशेब जेवणाच्या सुट्टीत डब्याशेजारी कागद ठेवून मांडला जातो. मुलीचे लग्न, गावाकडच्या घराचे छप्पर, सोसायटीचे कर्ज अशी त्या रकमेची वाटणीही तेथेच होते. त्या कागदावर एक ओळ मात्र बहुधा नसते. काम सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी घरात कोणी आजारी पडले, तर उपचाराचा खर्च कोण करणार?

हा प्रश्न विसरला जातो याचे कारण कामगाराचे अज्ञान हे नव्हे. नोकरीत असताना औषधोपचाराची सोय पगाराच्या सावलीसारखी बरोबर असते. तिच्याकडे वेगळे पाहण्याची सवय नसते. पगार थांबतो त्या दिवशी सावलीही नाहीशी होते. चाकण, वाळूज, अंबड, बुटीबोरी अशा औद्योगिक पट्ट्यांत काम सोडणाऱ्या किंवा कामावरून काढल्या जाणाऱ्या कामगारांपुढे हा प्रसंग रोज येतो. तरीही वेतनकरारांच्या वाटाघाटींत आणि संघटनांच्या सभांत त्याला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही. ती मिळाली पाहिजे.

वस्तुस्थिती समजण्यासाठी दोन कामगार डोळ्यांसमोर आणावेत. पहिला बावन्न वर्षांचा फिटर. त्याचे वेतन कामगार राज्य विमा योजनेच्या मर्यादेबाहेर गेलेले आहे. कंपनीने काढलेल्या सामूहिक आरोग्य विम्यात तो, त्याची पत्नी आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आई येतात. त्याला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. दुसरी पॅकिंग विभागातील कंत्राटी कामगार स्त्री. तिचे वेतन सोळा हजारांच्या आसपास असून दरमहा त्यातून राज्य विम्याची वर्गणी कापली जाते. दोघांचीही नोकरी जाते आहे. दोघांचे हक्क मात्र वेगवेगळ्या कायद्यांखाली येतात आणि वेगवेगळ्या कारणांनी हातचे निसटू शकतात.

अर्जातला एक शब्द

कामगार राज्य विमा योजना हे स्वतंत्र भारतातील सामाजिक सुरक्षेचे पहिले मोठे पाऊल. प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याविषयीचा आपला अहवाल १९४४ मध्ये सादर केला, १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्षात सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आल्याने जुना कायदा तिच्यात विलीन झाला. महामंडळ कायम आहे, आणि निवृत्तांविषयीची महत्त्वाची तरतूदही संहितेने राखली आहे.

ही तरतूद फार थोड्या कामगारांना ठाऊक असते. विमाधारक वयोमानानुसार निवृत्त झाला, तर ठरावीक वर्गणी भरून त्याला व त्याच्या जोडीदाराला वैद्यकीय सेवा पुढे चालू ठेवता येते. जुन्या कायद्याखालील नियमांत त्यासाठी किमान पाच वर्षांची विमायोग्य नोकरी ही अट होती आणि वर्गणी होती महिना दहा रुपये, म्हणजे वर्षाचे आगाऊ एकशेवीस रुपये. २०१० च्या दुरुस्तीने स्वेच्छानिवृत्ती किंवा मुदतपूर्व निवृत्ती घेणाऱ्यांनाही हा हक्क दिला. मुंबईच्या गिरणगावातील स्वेच्छानिवृत्तीच्या मोठ्या लाटा त्यापूर्वीच येऊन गेल्या होत्या. परळच्या राज्य विमा रुग्णालयाच्या सावलीत आयुष्य घालवलेल्या कितीतरी गिरणी कामगारांच्या हाती हिशेबाचा धनादेश पडला, तेव्हा हा हक्क कायद्याच्या पुस्तकात नव्हता.

आज तो पुस्तकात आहे. पण तो मिळणे न मिळणे अनेकदा अर्जातल्या एका शब्दावर ठरते. काढून टाकायच्या कामगाराकडून ‘मी वैयक्तिक कारणासाठी राजीनामा देत आहे’ असे लिहून घेण्याची रीत औद्योगिक वसाहतींत सर्रास आढळते. कपात म्हटले की कायद्याने भरपाई द्यावी लागते, कारखाना बंद म्हटला की परवानग्यांचा प्रश्न येतो. राजीनाम्याला यातले काहीच लागत नाही. कामगाराला वाटते, शब्दाने काय होते, पैसे तर मिळत आहेत. वस्तुतः त्या शब्दाने बरेच काही होते. निवृत्तीनंतरची वैद्यकीय सेवा ‘निवृत्त’ झालेल्यासाठी आहे. २००५ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेने बेकारी भत्ता, आणि तो मिळत असेपर्यंत वैद्यकीय सेवा, देऊ केली ती कारखाना बंद पडल्याने वा कपातीमुळे नोकरी गमावलेल्या, किंवा कायमचे अपंगत्व आलेल्या विमाधारकाला. स्वतःच्या हाताने राजीनामा लिहिणारा कामगार या दोन्ही दारांबाहेर उभा राहण्याचा धोका पत्करतो. म्हणून काम सोडण्याच्या कागदावर जे खरे आहे तेच लिहिले गेले पाहिजे. कपात असेल तर कपात, स्वेच्छानिवृत्ती असेल तर स्वेच्छानिवृत्ती.

शब्दाइतकेच महत्त्व तारखेला आहे. राज्य विमा योजनेत वर्गणीचे सहामाही कालखंड वर्षानुवर्षे ठरलेले आहेत: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. पहिल्या कालखंडातील वर्गणीवर पुढील जानेवारी ते जून या काळात लाभ मिळतात, दुसऱ्यावर जुलै ते डिसेंबर या काळात. एका कालखंडात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरली गेली असली, की त्याच्याशी जोडलेला लाभाचा काळ संपेपर्यंत वैद्यकीय सेवेचा हक्क राहतो, मग मधल्या काळात नोकरी सुटलेली का असेना. पॅकिंग विभागातील त्या स्त्रीने हिवाळी सहामाहीत पूर्ण काम केले आणि तिला १० जूनला कमी केले, तर तिची वैद्यकीय सेवा डिसेंबरअखेर संपेल. तीच २० जूनपर्यंत सलग वेतनावर राहिली, तर एप्रिलपासूनचे ७८ दिवस भरतात आणि सेवा पुढील जूनअखेरपर्यंत लांबते. दहा दिवसांचा फरक आणि सहा महिन्यांचे औषधपाणी! हा हिशेब मुकादमाला किंवा कंत्राटदाराला करण्याचे कारण नाही. तो संघटनेच्या कार्यकर्त्यानेच केला पाहिजे.

कंत्राटी कामगाराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. कंत्राटदार बदलतो, कामगार त्याच यंत्रावर उभा असतो आणि नवा कंत्राटदार त्याची नव्याने नोंद करून नवा विमा क्रमांक काढून देतो. विमा क्रमांक वास्तविक एकदाच मिळावयाचा आणि पुढच्या नोकरीत तोच चालवावयाचा. क्रमांक बदलले की सेवेची वर्षे तुकड्या-तुकड्यांत विखुरतात, आणि पाच वर्षांची अट सिद्ध करण्याच्या वेळी दहा वर्षे राबलेला माणूस नवखा ठरतो. जुना क्रमांक जपून ठेवणे आणि प्रत्येक नव्या मालकाला तोच देणे, ही क्षुल्लक वाटणारी काळजी उतारवयात कामी येते.

आजार पाहून निवड

आता त्या फिटरकडे वळावे. त्याचा सामूहिक विमा कंपनीच्या नावाने काढलेला आहे. तो कंपनीचा कर्मचारी राहिला नाही की त्याचे नाव यादीतून जाते. पण विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांनी त्याला एक हक्क दिलेला आहे. सामूहिक विम्यातील सदस्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसीत जाता येते आणि तेथे त्याची आधीची वर्षे जमेस धरली जातात. नव्याने पॉलिसी घेणाऱ्याला पूर्वीपासून असलेल्या आजारासाठी थांबावे लागते. १ एप्रिल २०२४ पासून ही मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची करण्यात आली आहे. आठ वर्षांच्या मधुमेह्याला तीन वर्षे थांबावयास सांगणे म्हणजे ज्या आजाराची भीती आहे त्याखेरीज इतर सर्व आजारांसाठी विमा देणे होय. जमेस धरलेली वर्षे ही त्याची खरी मिळकत आहे, आणि विमा एकदा तुटू दिला की ती गमावली जाते. म्हणून नोकरीचा शेवटचा दिवस उजाडण्यापूर्वी, शक्य तर महिनाभर आधी, विमा कंपनीकडे लेखी अर्ज गेला पाहिजे आणि त्याची पोच हाती असली पाहिजे. अर्जात मधुमेह लपवू नये. लपवलेला आजार दाव्याच्या दिवशी उघडा पडतो आणि त्या दिवशी भरलेले सगळे हप्ते वाया जातात.

हप्ता अर्थातच जड असतो. नोकरीत असताना तो मालक भरत होता, आता तो खिशातून जाणार, आणि वयाबरोबर वाढणार. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील वस्तू व सेवा कर काढण्यात आला, तेवढाच काय तो दिलासा. येथे आईचा प्रश्न वेगळा काढावा. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ मध्ये देण्यात आले. आईचे ते कार्ड आधी काढावे; तिच्यासाठी खाजगी विम्याचा भारी हप्ता भरण्याची गरज आहे की नाही, याचा विचार त्यानंतर करावा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनाही महाराष्ट्रात शिधापत्रिकेच्या रंगाची अट न ठेवता सर्व कुटुंबांना लागू करण्यात आली असून तिची मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर नेली आहे. शिधापत्रिकेवर सर्वांची नावे बिनचूक आहेत ना, हे नोकरी सुटण्यापूर्वी पाहिले पाहिजे; रुग्णवाहिका दारात उभी असताना नाव दुरुस्त करण्यासाठी तहसील कचेरीत जाता येत नाही.

तथापि या सर्व सोयींची मर्यादा एकच आहे, आणि निवडीच्या मुळाशी तीच असावी. खाजगी विमा असो की सरकारी आरोग्य योजना, तिचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर असतो. मधुमेही माणूस वर्षातून तीनशेपासष्ट दिवस गोळ्या घेतो आणि दाखल होतो तो कधीतरी, बहुधा गोळ्या थांबल्या म्हणून. रक्ततपासणी, रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचा पंप, डोळ्यांची तपासणी हा खर्च त्याचा त्यालाच सोसावा लागतो. दवाखान्यातील रोजचे औषध देणारी व्यवस्था म्हणून राज्य विम्याचे मोल वेगळे आहे. तेथील रांगा, रिकाम्या जागा, बाहेरून आणावयास सांगितलेली औषधे यांविषयीच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर लढलेही पाहिजे. तरी ज्याला तो हक्क मिळू शकतो, त्याने चकचकीत पॉलिसीच्या मोहाने वर्षाच्या नाममात्र वर्गणीची सेवा सोडून देणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल. घरात जुनाट आजार असेल तर आधी रोजच्या औषधाची सोय पाहावी आणि मग शस्त्रक्रियेची. एकरकमी पैशातून निदान दोन वर्षांचे हप्ते बाजूला काढल्याखेरीज त्या पैशाला हात लावू नये.

राहिलेले देणे

इथपर्यंतचा विचार एकट्या कामगाराने काय करावे याचा झाला. पण कामगाराला अशी निवड करावी का लागते, हा त्यामागचा प्रश्न आहे. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या आजाराचा भार मालकाने का उचलावा, असा सवाल केला जातो. त्याचे उत्तर कामगाराच्या शरीरात लिहिलेले आहे. कापसाच्या तंतूंनी गिरणी कामगाराची फुप्फुसे भरली ती कामावर. खाणीत आणि दगड फोडण्याच्या कामावर छातीत गेलेली सिलिकाची धूळ पुष्कळदा काम सुटल्यानंतर वर्षांनी आपला परिणाम दाखवते. प्रेसच्या आवाजाने मंदावलेले कान, ओझ्याने झिजलेले मणके, पाळ्या बदलून बदलून बिघडलेली झोप, यांचे बिल निवृत्तीनंतर येते. नफा नोकरीच्या काळात वसूल झालेला असतो. दुखणे नंतर उगवते. अशा वेळी वैद्यकीय संरक्षण म्हणजे मालकाची मेहेरबानी ठरत नाही. ते वेतनाचे राहिलेले देणे आहे.

हे तत्त्व अपरिचित नाही. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये झाला आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ मध्ये. आज कोणताही मालक असे म्हणू शकत नाही की कामगार गेला म्हणून त्याचा निधी फाटकातच राहील. ते पैसे कामगाराने कमावलेले आहेत आणि ते त्याच्याबरोबर जातात, हे सर्वांनी मान्य केले आहे. आजारपणाचे संरक्षण मात्र अजूनही ओळखपत्रासारखे फाटकावर परत करावे लागते. या विसंगतीचा दोष सगळाच मालकांवर टाकून चालणार नाही. एकरकमी आकडा वाढवून घेतला की लढा जिंकला, असे मानण्याची सवय कामगार संघटनांनाही लागली. कैक करारांत स्वेच्छानिवृत्तीची रक्कम दोन-तीनदा वाढवून घेतली गेली आणि विम्याच्या चालू राहण्याविषयी एक कलमही मागितले गेले नाही.

राज्य विम्याची वेतनमर्यादाही याच दृष्टीने पाहावी. १ जानेवारी २०१७ पासून ती पंधरा हजारांवरून एकवीस हजारांवर नेण्यात आली. पगारवाढीने कामगार ही रेषा ओलांडतो तेव्हा चालू वर्गणीकाल संपताच तो योजनेबाहेर जातो. हजार-दोन हजारांच्या वाढीबरोबर कुटुंबाचा दवाखाना जातो, आणि ज्या विम्यात तो टाकला जातो तो मालकाच्या मर्जीवर चालतो. मालकाची सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का अशी वर्गणी जुलै २०१९ पासून ठरली. त्या सामुदायिक वर्गणीत अधिक वेतनाच्या कामगारांची भर पडणे योजनेच्याच हिताचे आहे.

नोकरीला बांधलेल्या विम्याचा शेवट कोठे होतो, हे अमेरिकेने दाखवून दिले आहे. तेथे १९४२ नंतर, युद्धकाळात वेतनवाढीवर बंधन आले असताना, मालकांनी कामगार मिळविण्यासाठी आरोग्य विमा देऊ केला आणि ती रीत कायम झाली. १९८६ मध्ये अमलात आलेल्या ‘कोब्रा’ नावाच्या कायद्याने वीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनेतून नोकरी गमावणाऱ्याला सामान्यतः अठरा महिने तोच विमा चालू ठेवण्याचा हक्क दिला, पण मालकाचा वाटाही आता त्यानेच भरावयाचा आणि वर दोन टक्के खर्चापोटी द्यावयाचे. पगार बंद झाल्यावर आधीपेक्षा कितीतरी जास्त हप्ता भरण्याचा हा हक्क! ब्रिटनने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करून उपचाराचा आणि नोकरीचा संबंधच तोडला. भारतातही भोर समितीने १९४६ मध्ये हेच तत्त्व मांडले होते की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणी उपचारांवाचून राहू नये. त्या अहवालाची वाट देशाने अर्ध्यावर सोडली.

संघटनेचे काम

काही साथी म्हणतील की खरे उत्तर सार्वजनिक रुग्णालयांत आहे. कामगाराला पॉलिसीची कलमे शिकवत बसणे म्हणजे विमा कंपन्यांचे काम करणे. ध्येयाविषयी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. जिल्हा रुग्णालयात औषध आणि तालुक्याला तज्ज्ञ डॉक्टर मिळाला, तर या लेखातील निम्म्या चिंता उरणार नाहीत. पण ज्याची नोकरी या महिन्याच्या तीस तारखेला सुटते, त्याच्या पत्नीच्या मूत्रपिंडाला त्या दिवसाची वाट पाहता येत नाही. आजच्या अडचणीत उपयोगी न पडणाऱ्या संघटनेच्या उद्याच्या घोषणेवर कोणी विश्वास ठेवत नाही, हा चळवळीचा जुना अनुभव आहे.

म्हणून दोन्ही कामे बरोबर चालली पाहिजेत. युनियनच्या प्रत्येक कचेरीत निदान एका कार्यकर्त्याने राज्य विम्याचे नियम, सामूहिक विम्यातून बाहेर पडण्याची रीत आणि सरकारी आरोग्य योजनांची कागदपत्रे यांचा अभ्यास करावा. काम सोडणाऱ्या कामगाराने सही करण्यापूर्वी त्याच्याकडे यावे, अशी पद्धत पाडावी. प्रत्येक वेतनकराराच्या मागणीपत्रात तीन कलमे यावीत: काम सुटल्यावर ठरावीक काळ मालकाच्या खर्चाने विमा चालू राहणे, वैयक्तिक विम्यात जाण्याच्या हक्काची लेखी सूचना मालकाने वेळेवर देणे, आणि कंत्राटदार बदलला तरी विमा क्रमांक न बदलणे. शासनापुढे मागणी ही, की राज्य विम्याची वेतनमर्यादा काढावी आणि काम कोणत्याही कारणाने सुटले तरी माफक वर्गणीवर त्याचे दार उघडे राहावे.

सूचनाफलकापाशी उभ्या असलेल्या कामगाराच्या कागदावर ती राहिलेली ओळ या वेळी लिहिली गेली पाहिजे. रकमेच्या आकड्याखाली त्याने स्वतःला विचारावे: पहिल्या तारखेपासून माझ्या घरातल्या औषधाचे काय? या प्रश्नाचे लेखी उत्तर हाती येईपर्यंत सही करू नये, आणि ते उत्तर मिळेपर्यंत युनियनने त्याच्या शेजारी उभे राहावे.